‘कॅन ला’ म्हणजे ‘चालेल की’

पत्र :

मी ३४ वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. १९८४ साली बी.एड. पास-आउट झालो आणि २०१८ साली निवृत्त झालो. मुलगा अकरा वर्षांपासून सिंगापूरला आहे. नातू नऊ वर्षांचा, जन्म तिथलाच. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. त्याचं इंग्रजी ऐकून माझी झोप उडाली आहे. जेवलास का विचारलं तर ‘आय ईट ऑलरेडी’. कशालाही होकार द्यायचा असला की ‘कॅन ला’. नुसतं ‘कॅन’, ना कर्ता ना क्रियापद! मध्ये एका रविवारी लग्नाला गेलो होतो म्हणून सोमवारी फोन केला, तर म्हणतो, ‘व्हाय यू नेव्हर कॉल यस्टरडे?’ मी प्रत्येक वाक्य दुरुस्त करून त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतो. गेले दोन महिने तो दोन मिनिटं बसतो आणि होमवर्कचं कारण सांगून उठतो. सूनबाई म्हणतात, बाबा, सारखं टोकू नका. माझे एक कझिन ब्रदर म्हणाले, दिवाळीत जाणारच आहेस तर ट्रिप प्रीपोन कर आणि महिनाभर बसून त्याचा पाया पक्का करून घे. पोरगा हुशार आहे. शाळेतल्या निबंधाचा फोटो मुलाने पाठवला होता, त्यात जेमतेम दोन चुका निघाल्या. पण बोलणं हे असं. उद्या जगाच्या बाजारात हे इंग्रजी खपेल का? आणि बरोबर इंग्रजी कोणतं धरायचं, ब्रिटिश की अमेरिकन? घरात मराठी बोलतात, ती त्याला कळते, उत्तर मात्र तो इंग्रजीतच देतो.

– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर :

सर, नमस्कार.

ट्रिप जरूर प्रीपोन करा. नातवाकडे महिनाभर आधी जायला कुठलंच कारण लागत नाही. फक्त व्याकरणाचं पुस्तक बॅगेत भरू नका. त्या वजनात भाजणीचं पीठ बसेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: निबंधात जेमतेम दोन चुका. आता मला सांगा, त्या निबंधात ‘ला’ किती होते? ‘आय ईट ऑलरेडी’ होतं? नसणारच, नाहीतर लाल पेन घेऊन तुम्ही दोनवर थांबला नसता. म्हणजे नऊ वर्षांच्या पोराला शाळेच्या वहीतलं इंग्रजी वेगळं आणि मधल्या सुट्टीतलं वेगळं, हे पक्कं ठाऊक आहे. कोणी शिकवलं नसेल, पण ठाऊक आहे. तुम्हीही कराडचेच. फळ्यासमोर उभं राहून ‘मी आलो आहे’ म्हणणारा माणूस मंडईत गाठ पडली की ‘आलो न्हवं’ म्हणतो, आणि यातलं कुठलं कुठे बोलायचं यात एकदाही चुकत नाही. नातू तेच करतोय. घोटाळा इतकाच की आजोबांना त्याने मधल्या सुट्टीतल्या माणसांत धरलं आणि आजोबा निघाले वर्गातले.

आता त्या ‘नेव्हर’कडे येते, कारण ते वाचून मी जरा वेळ थांबले. सिंगापूरच्या बोलीत ‘यू नेव्हर कॉल’ म्हणजे ‘तुम्ही कधीच फोन करत नाही’ असं नव्हे. तिथे झालेल्या गोष्टीचा नकार ‘नेव्हर’ने देतात, आपल्या ‘केला नाही’सारखा. पोराच्या वाक्याचं सरळ मराठी असं: ‘आजोबा, काल फोन का नाही केलात?’ रविवारी तो वाट बघत बसला होता, सर. रुसून विचारत होता. तुम्ही त्याला ‘डिड नॉट’ शिकवलंत.

तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. आयुष्यभर वह्या तपासलेल्या माणसाला वाक्यातली चूक आधी दिसते आणि माणूस मागाहून, हा धंद्याचा रोग आहे. मलाही आहे.

आता ‘कॅन ला’. तुमचा आक्षेप की याला कर्ता नाही. तुम्ही रोज दहा वेळा एक शब्द बोलता, त्याचा कर्ता शोधून दाखवा: ‘चालेल’. चार वाजता येऊ? चालेल. बिनसाखरेचा चहा? चालेल. कोण चालेल, कुठे चालेल? कोणी नाही, कुठे नाही, तरी सगळ्यांना समजतं. सिंगापूरचं ‘कॅन’ हे आपलं ‘चालेल’ आहे. मलय भाषेत ‘बोलेह’ हा असाच एकटा उभा राहणारा शब्द आहे, चिनी भाषांतही तशी सोय आहे. तिथल्या लोकांनी इंग्रजी उचलली तेव्हा आपल्या मनातल्या ‘चालेल’च्या जागी ‘कॅन’ बसवला.

खरी गंमत त्याच्या पुढच्या अक्षरात आहे. ‘कॅन ला’ म्हणजे ‘चालेल की’, म्हणजे विचारायची गरजच काय. ‘कॅन हॉर?’ म्हणजे ‘चालेल ना?’, समोरच्याने मान हलवावी म्हणून. ‘कॅन मे?’ म्हणजे भुवई वर करून ‘चालेल होय?’, बोलणाऱ्याचा विश्वास बसलेला नाही. आणि ‘कॅन लॉर’ म्हणजे ‘चालवून घेऊ, आता काय करता’, सुस्कारा आतच आलेला. एका ‘कॅन’वर चार शेपट्या आणि चार वेगळी माणसं उभी राहतात. लंडनच्या इंग्रजीला यासाठी आवाज वरखाली करावा लागतो किंवा लांबलचक वाक्य जोडावं लागतं. आपल्याला लागत नाही. ‘येतो की’, ‘येतोस ना’, ‘येतोस होय’, ‘येतो बापडा’, ‘येतो म्हणे’ ही आपली रोजची शिदोरी. त्या शेपटांचे शब्द मलय भाषेतून आणि होक्किएन, कॅन्टोनीज अशा चिनी बोलींतून आले आहेत, पण ते वापरायची तऱ्हा कराडच्या माणसाला परकी वाटायचं कारण नाही. आणि त्यांना नियम नाहीत असं समजू नका. नवखा परदेशी माणूस हौसेने प्रत्येक वाक्याला ‘ला’ लावतो आणि तिथली पोरं त्याला हसतात. पुण्यात नव्याने आलेला माणूस दर वाक्यामागे ‘बरं का’ लावू लागला तर आपण हसतोच ना, तसं. चूक कुठे होते हे ज्या बोलीत पोरांना कळतं, तिला व्याकरण असतंच.

‘आय ईट ऑलरेडी’चंही तसंच. चिनी भाषांत क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत, काम उरकलं हे दाखवायला एक छोटा शब्द मागे येतो. तो भार सिंगापुरात ‘ऑलरेडी’च्या डोक्यावर आला. मराठीत हेच काम ‘झालं’ करतं: जेवून झालं, होमवर्क करून झालं. पोराच्या वाक्यात ‘ऑलरेडी’ला ‘आधीच’ समजून वाचलं की ते वेडंवाकडं दिसतं. ‘झालं’ समजून वाचा, सरळ होईल.

हे सगळं तिथे कसं शिजलं तेही थोडक्यात सांगते, कारण त्यात आपलाही हात आहे. सिंगापूर १८६७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारात होतं, हुकूम कलकत्त्याहून सुटायचे. हिंदुस्थानातून कैदी, शिपाई, कारकून, धोबी तिकडे गेले. तुम्ही उतराल तेव्हा मेट्रोच्या नकाशावर एक मोठं स्टेशन बघा, नाव ‘धोबी घाट’. महालक्ष्मीचं नव्हे, तिथलं. त्या बंदरात मलय, चिनी आणि तमिळ माणसं शेजारी राहिली. त्यांची पोरं मिशनच्या शाळांत इंग्रजी शिकली आणि शाळेबाहेर ती एकमेकांशी आपापल्या परीने बोलू लागली. १९६५ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी अशा चार भाषांना राजभाषेचा मान मिळाला, आणि १९८७ पासून सगळ्या शाळांची पहिली भाषा इंग्रजी झाली. २०२० च्या जनगणनेत तिथल्या ४८.३ टक्के लोकांनी घरात जास्त करून इंग्रजीच बोलतो असं सांगितलं. म्हणजे ती आता आजीच्या मांडीवर शिकायची भाषा होत चालली आहे. आणि मांडीवर शिकलेली भाषा कुठल्याही देशात इस्त्री केलेली नसते.

तुमच्यासारखी काळजी तिथल्या सरकारलाही वाटली, हे न सांगणं लबाडी होईल. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांनी १९९९ साली सिंग्लिशला, म्हणजे तुमच्या नातवाच्या या सिंगापुरी इंग्रजी बोलीला, पायातली बेडी ठरवून ती आपल्या लोकांवर लादू नये असं बजावलं होतं. २००० साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी चांगलं इंग्रजी बोलण्याची मोहीमच काढली. त्यांचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. छोटा देश, पोट परदेशी व्यापारावर, बाहेरच्या माणसाला आपलं बोलणं समजायलाच हवं. पण मोहीम निघाली म्हणून सिंग्लिश आटली नाही. लोक दोन्ही बोलू लागले, परीक्षेत एक आणि चहाच्या टपरीवर दुसरी. २०१६ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाने ‘शिओक’, ‘आंग मो’, ‘हॉकर सेंटर’ असे सिंगापुरी शब्द घेतले. ‘शिओक’ हा नातवाकडून शिकून घ्या. पहिल्या पावसात कांदाभजी खाताना जे वाटतं ते.

आता जरा तुमची वही तपासते. राग मानू नका. पत्रात तुम्ही ‘पास-आउट झालो’ असं लिहिलंय. लंडनच्या माणसाने हे वाचलं तर त्याला वाटेल, सर बी.एड.ला चक्कर येऊन पडले. ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्याकडे वाढला. पोस्टपोनला उलटा हवा होता, आपण केला आणि वापरतो. आणि ‘कझिन ब्रदर’! इंग्रजाच्या दृष्टीने नुसतं कझिन पुरे. पण आपल्याला चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ. आधी तो भाऊ, मग कुठला ते. कोरडा ‘कझिन’ म्हणजे रक्ताचं नातं ऑफिसातल्या ओळखीवर आल्यासारखं. म्हणून आपण मागे ब्रदर लावला. सिंगापूरच्या माणसाने ‘कॅन’मागे ‘ला’ लावला तसाच.

माझीही फजिती सांगून टाकते. पहिल्या नोकरीत, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत, मी परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहायचे. तर्खडकरी इंग्रजी, शेवटी ठसक्यात ‘काइंडली रिव्हर्ट’. एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी फोन करून विचारलं, बाई, मी कुठल्या पूर्वस्थितीला जाऊ? ‘रिव्हर्ट’ म्हणजे ‘उत्तर द्या’ हा अर्थ त्यांच्या गावी नव्हता. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. गंमत म्हणजे तेच पत्र सिंगापूरच्या गिऱ्हाइकालाही गेलं होतं आणि त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ‘वी विल रिव्हर्ट’. हा शब्द त्यांच्याकडेही याच अर्थाने चालतो. तेव्हा तुम्ही आणि नातू वाटता तितके लांबचे नाही.

ब्रिटिश की अमेरिकन, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: शाळा जे शिकवेल ते. तिथे ब्रिटिश वळणाचं स्पेलिंग शिकवतात, तुमचंच. पण यातलं मूळचं कोणतं आणि बिघडलेलं कोणतं हा शोध घ्यायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ‘गॉटन’ला आपण अमेरिकन अडाणीपणा समजतो. ते रूप इंग्लंडमधूनच जहाजात बसून गेलं, तिकडे टिकलं आणि इंग्लंडने मागाहून टाकलं. ‘कार’मधला ‘र’ तुम्ही खणखणीत म्हणत असाल, कराडला दुसरा पर्याय नाही. लंडनची बडी मंडळी तो अठराव्या शतकाच्या अखेरीस गिळू लागली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी, आयर्लंडात आणि स्कॉटलंडात तो शाबूत राहिला. म्हणजे या एका अक्षरापुरते तुम्ही बातम्या देणाऱ्या गोऱ्या निवेदकापेक्षा जुन्या वळणाचे.

आणि ‘यू’? पूर्वी इंग्रजीत ‘दाउ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही असं होतं. तिथल्या लोकांनी अदबीपोटी ज्याला त्याला तुम्ही म्हणता म्हणता ‘तू’च हरवून टाकला. मग एकाला बोलतोय की चौघांना हे कळेना. म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ निघाला, आयर्लंडात आणि लिव्हरपूलला ‘यूज’. गावोगावी लोकांनी आपली गळती आपणच बुजवली, कोणाला विचारत बसले नाहीत.

बाजाराचं म्हणाल तर ढोबळ हिशेबाने जगात दीडशे कोटींच्या आसपास माणसं इंग्रजी बोलतात आणि त्यात जन्मापासूनची इंग्रजी असलेला चौघांत एक. भारतात २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे फक्त २.६ लाखांच्या घरात होते. नातू मोठा होऊन ज्यांच्याशी सौदे करील त्यांत लंडनचा साहेब क्वचित असेल. मनिलाची बाई असेल, जी शौचालयाला ‘कम्फर्ट रूम’ म्हणते. लागोसचा माणूस असेल, जो परवा यायचं तर ‘नेक्स्ट टुमारो’ म्हणतो. आपल्या ‘परवा’ला इंग्रजीत चार शब्द मोजावे लागतात, नायजेरियाने दोनात भागवलं, आणि २०२० साली ऑक्सफर्डने ते दप्तरी लावूनही घेतलं. अशा घोळक्यात चार तऱ्हांच्या इंग्रजीला सरावलेला कान उपयोगी पडतो. तो कान नातवाकडे तयार होतोय. निबंधातलं शिस्तीचं इंग्रजी त्याला हवंच, त्यात तडजोड करा असं मी म्हणणार नाही. पण ते शाळा बघते आहे, आणि तुमच्याच साक्षीने नीट बघते आहे.

शाळा जे बघत नाही ते मात्र सांगते. तिथल्या शाळांत मुलांना मातृभाषा म्हणून एक भाषा घ्यावीच लागते. भारतीय घरांतल्या मुलांना तमिळ, किंवा मग हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतली एक. या यादीत मराठी नाही. म्हणजे नातू बहुधा शाळेत हिंदी शिकत असणार आणि त्याची मराठी घरातल्या दोन माणसांवर आणि रविवारच्या तुमच्या फोनवर उभी. तो उत्तर इंग्रजीत देतो अशी तुमची तक्रार आहे. पण सर, फोनवर तुम्ही त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलता? वाक्यं दुरुस्त करून परत म्हणवून घेता ती इंग्रजीच ना? आठवड्यात मराठीचा एक तास होता, त्यात तुम्ही इंग्रजीचा तास लावलात.

तेव्हा येत्या रविवारी असं करा. तुम्ही मराठीतच बोला. तो इंग्रजीत उत्तर देईल, देऊ द्या, ‘पुन्हा नीट सांग’ अजिबात नको. त्या लग्नाच्या रविवारचं राहिलंय, ते आधी उरका: ‘त्या दिवशी फोन करायला हवा होता, राहिला.’ मग त्याला एक काम द्या. मुंगूस आणि ‘मंगूस’ ही दोन्ही नावं त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, कोणी कोणाकडून घेतलं? इंग्रजांनी आपल्याकडून, तीनशे वर्षांपूर्वीच. ‘चाळ’ तर आत्ता २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या कोशात गेली, डब्याबरोबर. पोरांना असली चोरी पकडायला आवडते.

त्यानंतर शिकवणी उलटी करा, त्याला मास्तर होऊ द्या. ‘ला’, ‘मे’, ‘हॉर’, ‘लॉर’ तुम्ही त्याच्याकडून शिकायचे आणि प्रत्येकाला मराठी जोड तुम्ही द्यायची: की, होय, ना, बापडा. तुम्ही चुकणार, तो हसणार आणि तुमच्याकडून दहादा म्हणवून घेणार. घ्या म्हणवून, तुम्ही कमी घेतलंत का! विमानतळावर उतरल्यावर त्याने ‘टॅक्सीने जाऊ?’ विचारलं तर ‘कॅन ला’ तुमच्या तोंडून निघालं पाहिजे. सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा होईल.

आणि एक कोडं तुमच्यासाठी राखून ठेवलंय. ‘येतो म्हणे’ मधला तो ‘म्हणे’. म्हणजे ऐकीव आहे, माझी जबाबदारी नाही, आणि थोडं हसूही येतंय, एवढं सगळं दोन अक्षरांत. त्याला समजावून सांगा आणि विचारा, तुमच्या सिंग्लिशमध्ये याला काय म्हणतोस? मला कळवा. तुमच्या शिष्यावर माझा भरवसा आहे, शोधून काढील म्हणे.